भोपळे तुमचे, घागरही तुमची

तानुबाईच्या परड्यातला भोपळ्याचा वेल शेजारी सरपंच केरबातात्यांच्या छपरावर चढला आणि तिथंच त्याला सात कोवळे भोपळे धरले. इकडे तात्यांच्या कोंबड्या दिवसभर परड्यात शिरून त्याच वेलाचं मूळ उकरायच्या. त्यांना हुसकून हुसकून बाई पार वैतागली.

"तात्या, कोंबड्या डालग्याखाली झाका की!" शेवटी तिनं चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं.

तात्यांनी मिशी पिळली. "कोंबड्या फिरणारच. आणि माझ्या छपरावरचे भोपळे माझे. हा माझा निकाल!"

"सुटले बाई एकदाची!" तानुबाई घरी गेली आणि परत येऊन तिनं तात्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात घागर दिली. "भोपळे तुमचे, उकरणाऱ्या कोंबड्या तुमच्या. मग राखण तुमची आणि पाणीही तुमचंच. मी जरा पाठ टेकते."

चावडी हसली. दोन दिवस भर उन्हात सरपंच घागर घेऊन वाकले आणि काठी घेऊन धावले. तिसऱ्या दिवशी दोन्ही वस्तू तानुबाईच्या दारात आपटून म्हणाले, "घे तुझे भोपळे!"

"आणि कोंबड्या?"

"झाकल्या!" तात्या ओरडले.