तबकडी आणि कोरी कॅसेट

गावात टीव्ही नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. एका दुकानाच्या काचेमागे ताटाएवढी चकचकीत सिनेमाची तबकडी आणि एक कोरी व्हिडिओ कॅसेट शेजारी-शेजारी राहत. कुणीतरी आपल्याला घरी न्यावं, एवढीच तबकडीला आस.

"माझं चित्र कसं लख्ख! तुझं म्हणजे नुसतं धुकं," ती कॅसेटला चिडवी.

"खरं आहे, ताई," कॅसेट म्हणे.

एकदा कर्णिक पतिपत्नी आले. तबकडीवरचा सिनेमा पाहून दोघं हरखले. 'निघाले एकदाची!' तबकडीला वाटलं. तेवढ्यात वत्सलाबाईंनी विचारलं, "रविवारी आमची मंजिरी टीव्हीवर गाणार आहे. ते हिच्यात भरून घेता येईल?"

"नाही हो. हिच्यात कारखान्यात भरलंय तेवढंच," दुकानदार म्हणाला.

मग त्यांनी कॅसेट आणि तिचं यंत्र घेतलं. तबकडी रुसून बसली.

सोमवारी वत्सलाबाई पेढे घेऊन आल्या. "चित्र जरा अंधूक आलं, पण आमची मंजिरी आहे ना त्यात! सगळी आळी येऊन बघून गेली."

तबकडी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिचा सिनेमा पाहताना कुणी इतकं फुललं नव्हतं. तिचा रुसवा गेला. "आमची कॅसेट चांगल्या घरी पडली," ती समाधानाने म्हणाली.