सात उन्हं खाल्लेलं शरबत

एका राज्यात उन्हाळा असा यायचा की दगडसुद्धा सावली शोधत सरकत. त्या राज्यात बकुळा नावाची शरबतकरीण होती. वाळा, कैरी, रातांबा, गुलाब, जे हाती येईल त्याचं ती शरबत करी आणि राज्याचा उन्हाळा निभावून नेई.

रीत अशी होती की चैत्रातला पहिला पेला राजाचा. राजाच्या ओठाला लागेस्तोवर दुसऱ्याला थेंब नाही. एका चैत्रात भृंगनाथ नावाचा मांत्रिक दारी आला. जिभेला कोरड, पायाला फोड. म्हणाला, "बाई, पेलाभर दे."

बकुळा म्हणाली, "महाराज, राजेसाहेब निजलेत. उठले की देते."

आता राजाच तो, त्याला कोण उठवणार? दुपार कलली, तरी घोरणं थांबेना. भृंगनाथ उठला आणि शापून गेला, "जो तुझ्या हातचं पिईल, तो तुला विसरेल."

संध्याकाळी राजा प्याला आणि विसरला. मग प्रधान विसरला, शेजारीण विसरली. बकुळेचा नवरा सोमदत्त पाटावर बसून प्याला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, आपण कोण?"

तेव्हापासून बकुळा वेशीबाहेर एकटी राहिली. शरबत सोडावं, तर उन्हानं पोरं भोवळ येऊन पडत. म्हणून ती बरण्या भरून पायरीवर ठेवी, आणि लोक त्या देवाच्या समजून नेत. देवाला काय, फुकटचं श्रेय मिळालं. तिचं नाव मात्र नगरात सात वर्षं कुणी उच्चारलं नाही. कधीकधी ती स्वतःच मोठ्यानं उच्चारून बघे, आणि मग तिला फार रडू येई.

अंगणातल्या वडावर तांबट पक्षी होता. तो फळांवर जगणारा, शरबताला चोच न लावणारा, म्हणून तेवढा ओळख ठेवून होता. एके दिवशी तो म्हणाला, "शाप देणाराच तुला विसरला, तर शाप धरून कोण ठेवणार? त्याला पाज."

"तो माझ्या हातचं का पिईल?"

"मुक्या झाडाचा रातांबा आण. थिजल्या नदीतला वाळा आण. आणि दोन्हींचं शरबत विस्तवाशिवाय कर. त्या वासाला नाही म्हणणारा अजून जन्मला नाही."

मुकं झाड मनातलं ऐकल्याशिवाय फळ देत नसे. बकुळा बुंध्याशी बसली आणि म्हणाली, "मला माझा राग येतो. एक पेला दिला असता, तर काय बिघडलं असतं?" झाडानं ओंजळभर रातांबे टाकले.

थिजल्या नदीचं पाणी काचेसारखं कडक होतं. मूळ तुटलं तर वाळ्याचा वास उडून जाई. बकुळेनं तळव्याची ऊब देत एकेक मूळ सोडवलं. त्याला तीन दिवस लागले.

मग तिनं रातांबे फोडले, सालींच्या वाट्यांत साखर भरली, मध्ये वाळा घातला आणि बरणी उन्हात ठेवली. सात उन्हं, आणि बरणीवर कुणाचीही सावली पडता कामा नये. ती राखणीला बसली. साखर विरघळू लागली, लाल रस सुटू लागला.

सातव्या दुपारी वाटेनं सोमदत्त आला. केस पिकले होते. तो थांबला आणि उपरणं पसरून तिच्या डोक्यावर धरायला पुढे झाला. "बाई, अशा उन्हात का बसलात?"

सात वर्षांनी तो एवढ्या जवळ आला होता. उपरण्याची कड बरणीकडे सरकत होती.

"दूर व्हा," बकुळा म्हणाली.

तो ओशाळून निघून गेला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

भृंगनाथ उघड्या टेकडीवर एकटा राही. बकुळा बरणी घेऊन वर पोचली, तसा तो म्हणाला, "बकुळा, आलीस?"

जगात एवढा एकच माणूस तिला नावानं हाक मारणारा होता, आणि त्यालाच ती विसरायला लावणार होती. क्षणभर तिला वाटलं, परत जावं.

तिनं पेला भरला. "महाराज, हे प्यालात की मला विसराल, आणि शाप सुटेल."

"आणि हे तू मलाच सांगतेस?"

"फसवून पाजलेलं अंगी लागत नाही."

भृंगनाथ म्हणाला, "सात वर्षं रोज तुझं नाव घेतलं. रागानं घेतलं. पण दुसरं कुणाचं नाव घ्यायला मला नव्हतंच." त्यानं पेला घेतला आणि डोळे मिटून घोट घेतला.

खाली नगरात राजाच्या हातून भाकरी गळाली. शेजारणी रस्त्यावर आल्या. सोमदत्त वेशीकडे अनवाणी धावत सुटला. "बकुळा, बकुळा" अशा हाका टेकडीपर्यंत आल्या.

भृंगनाथानं डोळे उघडले. "बाई, आपण कोण? आणि हे लोक कुणाला हाका मारताहेत?"

"मला."

"मग जात का नाही?"

"तुमचा पेला संपू दे," बकुळा म्हणाली. "मग दोघं मिळून उतरू."

ती उतरली, तोही उतरला. पुढल्या चैत्रापासून त्या राज्यात पहिला पेला वाटसरूचा झाला, आणि राजा रांगेत उभा राहू लागला. जशी त्यांची तहान भागली, तशी ऐकणाऱ्यांचीही भागो.