टेकडीवरची बाळंतीण

लई जुनी गोष्ट. आज जे वड तुमच्या कवेत मावत नाहीत, ते बोटाएवढे होते, तेव्हाची.

एका राजाचं नगर वाढत वाढत वेशीबाहेर आलं आणि दाट झाडीच्या एका टेकडीला जाऊन टेकलं. कारभारी म्हणाला, "महाराज, झाडी तोडू, टेकडी फोडू, नवी पेठ वसवू. तिथं राहतंय कोण?"

राजा म्हणाला, "कोणी राहत नसेल तर फोडा."

टेकडीच्या पायथ्याशी भिवरा नावाची म्हातारी राही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून पोट भरी. पानांसाठी चाळीस वर्षं रोज टेकडी चढलेली. हात पानांवर, डोळे वर. कुठलं पाखरू कुठं बसलंय, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, सारं तिला ठाऊक. बाया हसत, "भिवरे, मान वाकडी होईल." ती म्हणे, "होऊ दे. खाली बघून तुमचीच तोंडं दिसतात."

चैत्रात लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन आले आणि भिवरानं हातातली पानं खाली ठेवली. टेकडी गेली की पाखरं जाणार, आणि पाखरांवाचून तिला कोणी नव्हतं.

त्या राज्यात एक रीत होती. ज्या दारावर लिंबाचा डहाळा, त्या घरात बाळंतीण. ती उठेपर्यंत त्या घराची काडी हलवायची नाही, राजानंसुद्धा नाही.

भिवरानं लिंबाचा डहाळा आणला आणि एका जुन्या झाडाच्या ढोलीखाली बांधला. लाकूडतोड्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. "आम्ही नाही बाबा डहाळा ओलांडत."

कारभारी तणतणत राजाकडे गेला. राजा आला, मागोमाग राणीही आली.

"आजी, झाडात कुठली बाळंतीण?"

"बसा गपचूप. खोकायचं नाही."

राजा गवतात बसला. थोड्या वेळानं एक धनेश उडत आला. ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, नुसती फट राहिलेली. फटीतून एक चोच बाहेर आली. धनेशानं एकेक उंबर त्या चोचीत दिलं.

"आत बायको बसलीय," भिवरा कुजबुजली. "दार लिंपून कोंडून घेतलंय तिनं. हा दिवसभर भरवतो."

राणी हळूच म्हणाली, "नीट बघून घ्या. आमच्या वेळी आपण शिकारीला होता."

राजा ओशाळला. "डहाळा खरा आहे. ही उठेपर्यंत थांबा."

"थांबू की," कारभारी म्हणाला. "एक बाळंतपण किती दिवस पुरेल?" आणि पालखीतून येऊन टेकडीवरच तंबू ठोकून राहिला.

धनेशाची पिलं उडाली, तर डहाळा नवरंगाच्या घरट्याखाली. ते उठलं, तर सुगरणीच्या बाभळीला. मग मुनियेच्या झुडपाला. कारभारी दर वेळी वाकून बघे, आणि दर वेळी आत अंडी.

आश्विनात मात्र सारी घरटी रिकामी झाली. भिवरा तीन दिवस वणवण हिंडली. एक लाकूडतोडा म्हणाला, "आजी, बांध कुठंही. कोण बघतंय?"

"रिकाम्या घरट्याला बांधला," भिवरा म्हणाली, "तर उद्या भरल्या घरट्यालाही कोण मानेल रं?"

डहाळा तिच्या हातातच राहिलेला बघून कारभारी हसला. "म्हातारे, सरल्या तुझ्या लेकी. पालखी आणा रे, महाराजांना सांगून येतो. उद्या कुऱ्हाडी चालवा."

भोई पालखी आणायला गेले. कित्येक महिने ती सावलीत तशीच पडून होती. त्यांनी पडदा सारला आणि जागीच थबकले. मऊ गादीवर चार वाकड्यातिकड्या काड्या, काड्यांवर एक होला. पोटाखाली दोन पांढरी अंडी.

भिवरानं शांतपणे पालखीच्या दांड्याला डहाळा बांधला. "कारभारी, आता तुमच्याच घरात बाळंतीण."

कारभारी राजवाड्यापर्यंत पायी गेला. राणीला तर हसू आवरेना. राजानं भिवराला बोलावलं. "आजी, होला उठल्यावर पुढं काय?"

"पुढं कड्याच्या कपारीत घुबड बसेल. माघात तांबट. मग पुन्हा धनेश. महाराज, ही टेकडी बाळंतपणातून कधी उठतच नाही."

राजानं त्याच दिवशी दवंडी पिटवली: या टेकडीवर कुऱ्हाड कधीच चालणार नाही. नवी पेठ नदीपलीकडच्या माळावर वसली. टेकडीवर पोरंबाळं वाजतगाजत आली, पण झाडीत शिरताच भिवरानं सगळ्यांना गप्प बसवलं आणि एकेक घरटं दाखवलं. कारभाऱ्याला राजानं काम लावलं, रोज सकाळी तिच्याबरोबर टेकडी चढायची. पहिला महिना तो कुरकुरला. दुसऱ्या महिन्यात तिच्याआधी येऊन बसू लागला.

म्हणून सांगते, जे आपण रोज लक्ष देऊन बघतो आणि जसं आहे तसंच सांगतो, तेच आपल्याला वाचवता येतं.