परत दिलेली काठी

एका खिंडीच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात हौसा नावाची एक कासारीण राहत होती. तिचा नवरा पायाने अधू होता. तो घरी बसून बांगड्या निवडायचा, रंगाप्रमाणे माळा ओवायचा आणि हौसा त्या पाटीत रचून खिंडीपलीकडच्या बाजाराला न्यायची.

बाजाराच्या दिवशी सगळं गाव पहाटे जथ्याने निघायचं. हौसाला मात्र जथ्याबरोबर जाता येत नसे. वाटेवरच्या वाडीतल्या बायका तिला थांबवून घेत, ओट्यावर बसवत आणि एकेकीच्या हातात बांगड्या भरता भरता उन्हं वर येत. मग खिंड तिला एकटीनेच ओलांडावी लागे.

त्या खिंडीत एक वाटमाऱ्या होता. पाटलाने दोनदा माणसं पाठवली. माणसं असली की तो नसायचा, माणसं परतली की असायचा. त्याने तेल्याला लुटलं, विणकराला लुटलं आणि एक दिवस हौसाला गाठलं. वाडीत बांगड्यांच्या बदल्यात मिळालेलं धान्य त्याने घेतलंच, पण कानातल्या कुड्याही ओढून काढल्या. एका कानाची पाळी फाटली.

हौसा तीन दिवस कानाला हळद लावून घरात बसली. चौथ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "अहो, वाट सोडली तर चूल विझेल. मी वाट सोडणार नाही. मला लढायला शिकायचंय."

नवरा म्हणाला, "शीक. पण कुणाकडे?"

गावात शिकवणारे दोघे होते. हौसा आधी पहिलवानाकडे गेली. पहिलवान म्हणाला, "बाई, आधी दोन वर्षं दूध-तूप खाऊन अंग कमवावं लागेल. मग डाव."

"तोवर वाटमाऱ्या थांबेल का?" असं विचारून ती उठली आणि लाठीच्या वस्तादाकडे गेली. दसऱ्याला वस्तादाच्या शिष्यांचे खेळ बघायला दहा गावं लोटत. जिथं गर्दी तिथं विद्या, असं हौसाने धरलं. आपणही बहुतेक वेळा असंच धरतो.

वस्ताद भला माणूस होता. त्याने तिला शिष्यांच्या रांगेत उभं केलं आणि हातचं काही न राखता शिकवलं. त्याच्या आखाड्याची एक रीत होती. समोरच्याची काठी पडली, तर पाडणाऱ्यानेच ती उचलायची, कपाळाला लावायची आणि दोन्ही हातांनी परत द्यायची. "हत्यार मातीत पडून राहू द्यायचं नाही आणि नि:शस्त्रावर वार करायचा नाही," वस्ताद सांगायचा. हौसा रोज शंभर वेळा काठी पाडायची, शंभर वेळा उचलायची आणि शंभर वेळा परत द्यायची.

असे दहा महिने गेले. तोवर ती फक्त वाडीपर्यंत जायची आणि घर कसंबसं चालवायची. दसऱ्याला तिने तीन तरण्याताठ्या गड्यांच्या काठ्या पाडल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वस्तादाने स्वतःच्या हाताने तिला फेटा बांधला. त्या दिवशी हौसाची भीती पार पळाली.

पुढच्याच बाजाराला ती पाटी आणि काठी घेऊन खिंडीत गेली. वाटमाऱ्या कातळाआडून बाहेर आला. हौसाने पाटी अलगद खाली ठेवली, पदर खोचला, वाटमाऱ्याला नमस्कार केला आणि पवित्रा घेतला. वाटमाऱ्या हे सगळं कौतुकाने बघत राहिला. मग काठीला काठी भिडली आणि दुसऱ्याच फटक्याला त्याची काठी उडून करवंदीच्या जाळीपाशी जाऊन पडली.

आता हौसाला पळता आलं असतं, ओरडता आलं असतं, नाहीतर त्याला झोडपता आलं असतं. तिने यातलं काहीच केलं नाही. ती जाळीपाशी गेली, काठी उचलली, कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी वाटमाऱ्याला परत दिली.

वाटमाऱ्यानेही ती दोन्ही हातांनीच घेतली. चांगल्या वळणाचा होता बिचारा. मग त्याने ती हौसाच्या उजव्या खांद्यावर हाणली आणि पाटीतलं जे हवं ते घेऊन निघून गेला.

ही गोष्ट गावात कळायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, "हौसाबाई, आमची घागर पडली, तेवढी कपाळाला लावून द्या की!" हौसा घरी येऊन रडली. खांदा ठणकत होता, पण ती खांद्यासाठी रडत नव्हती. ज्या हातांवर दहा महिने मेहनत घेतली, त्याच हातांनी दगा दिला, याचं तिला वाईट वाटत होतं.

वस्तादाच्या कानावर गेलं तेव्हा तो स्वतः तिच्या घरी आला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी तुला खेळ शिकवला. माझ्या आखाड्यात समोरचा आपलाच माणूस असतो. खिंडीत तो आपला नसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"मग वस्ताद, तुम्ही स्वतः खिंडीतून कसे जाता?" हौसाने विचारलं.

वस्तादाने मान खाली घातली. "पहाटेच्या जथ्याबरोबर," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "खिंडीवरच्या माळावर एक धनगरीण म्हातारी मेंढरं राखते. तिला एकही डाव येत नाही. पण चाळीस वर्षं ती त्या रानात एकटी फिरते आहे. तिला विचार."

खांदा बरा झाल्यावर हौसा म्हातारीकडे गेली आणि घडलेलं सगळं तिला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "काय येतं तुला? दाव बरं."

हौसाने काठी फिरवली. इतकी गरगर फिरवली, की वारा घुमायला लागला.

"ब्येस हाय," म्हातारी म्हणाली. "माशा जवळ यायच्या न्हाईत. आता सांग, तुला त्याला पाडायचंय, का घरी जायाचंय?"

"दोन्ही, मावशी."

"एकच सांग."

हौसाचा हात आपोआप फाटक्या कानाकडे गेला. "घरी जायचंय," ती म्हणाली.

"मग ती काठी ठिव तिकडं आन पाटी घे डोईवर."

म्हातारीने पाटीत दगड भरले आणि हौसाला खिंडीच्या त्याच उतरावरून, बाजाराला जाताना घालायची त्याच वहाणा घालून, भर उन्हात चालायला लावलं. मध्येच ती कुठल्यातरी कातळाआडून अंगावर यायची. कधी हौसा पाणी पीत असताना, कधी भाकरीचा घास तोंडात असताना. नमस्कार नाही, पवित्रा नाही. "चोर काय तुज्या जेवनाची वाट बगतोय व्हय?" ती म्हणायची. कुठल्या वळणावर वाट अरुंद होते, कुठून उतरावर सुटता येतं, कुठली हाक कुठवर पोचते, हे तिने पायी हिंडवून दाखवलं. लांडगा दिसला की धनगर पोटातून जी आरोळी देतात, ती शिकवली. "चोर म्हनून वरडलीस तर मानसं इचार करत बसतील," म्हातारी म्हणाली. "या हाकंला कुत्री आदी धावत्यात."

हौसा हे सगळं भराभर शिकली. एकच गोष्ट तिला जमेना. म्हातारी अंगावर आली की हौसाचे दोन्ही हात आधी पाटीकडे जायचे. पाटी सावरायची, मग बाकीचं. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं तोंडानेसुद्धा म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अशा घरच्या सुनेला भरली पाटी टाकवेल कशी?

म्हातारीच्या हे लक्षात आलं. "पोरी, तुजं हात पाटीला बांदल्यात," ती म्हणाली. "चोराला ते ठावं हाय. तुला बांदायला त्याला दोरी बी लागत न्हाई. उद्यापास्नं दगड नकोत. बांगड्या आन."

हौसाने घरी सांगितलं. नवऱ्याने बांगड्यांच्या माळा पुढ्यात ओढल्या. मग त्याने वाकड्या झालेल्या, चरा गेलेल्या बांगड्या निवडून एका बाजूला काढल्या आणि म्हणाला, "ने."

पहिल्या दिवशी हौसाने पाटी हळूच खाली टेकवली. "ठिवतीस काय? टाक!" म्हातारी ओरडली. सात दिवस असंच चाललं. आठव्या दिवशी हौसाने डोळे मिटून पाटी उलटी केली, काचांचा खच पडला आणि ती तिथंच बसून हुंदके देऊन रडली. म्हातारीने तिला रडू दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायला लावली. मग एक दिवस हौसाच्या लक्षात आलं, की म्हातारीची चाहूल लागली आणि पाटी आपोआप उलटली. रडू काही आलं नाही.

तीन महिन्यांनी हौसा नव्या कोऱ्या बांगड्यांची पाटी घेऊन बाजाराला निघाली. वाडीत नेहमीसारखा उशीर झाला. खिंडीत नेहमीच्या वळणावर वाटमाऱ्या आडवा आला. तिला बघताच तो खदखदून हसला.

"आलीस का? ये, ये," तो म्हणाला. "आज काठी मुद्दाम सैल धरतो. पाड आणि दे परत!"

हौसाने दोन्ही हातांनी पाटीची कड धरली. तो पुढे सरकला तशी तिने सगळी पाटी त्याच्या पायांपुढे उलटी केली. हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्या कातळावर आपटून फुटल्या आणि अरुंद वाट काचांनी भरून गेली. त्याच क्षणी तिने पोटातून आरोळी दिली आणि ती उतरावरून खाली धावत सुटली. मागे वळून तिने एकदाही बघितलं नाही.

वाटमाऱ्या अनवाणी होता. तो तिच्यामागे तीन पावलं धावला. चौथं काही त्याला टाकता आलं नाही.

आरोळी ऐकून माळावरची कुत्री धावली, त्यांच्यामागे धनगर धावले. वाटमाऱ्या एका दगडावर बसून तळपायातल्या काचा उपटत होता. धनगरांनी त्याला तसंच उचलून पाटलाकडे नेलं.

पाटलापुढे हौसाला बघून वाटमाऱ्या चिडून म्हणाला, "ही काय लढाई झाली? समोर उभी राहून लढायचं होतंस!"

"मी लढायला कुठं आले होते?" हौसा म्हणाली. "मी बाजाराला चालले होते."

ती घरी आली तेव्हा नवरा दारातच बसला होता. त्याने रिकामी पाटी बघितली. "एकही उरली नाही?" त्याने हळूच विचारलं.

हौसाने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. मनगटांतला चुडा जसाच्या तसा होता, एकाही बांगडीला चरा गेला नव्हता. नवऱ्याने ते हात आपल्या हातांत घेतले आणि पाटीबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

वस्तादाच्या आखाड्यात दसऱ्याला अजूनही पडलेली काठी कपाळाला लावून परत देतात. बघायला दहा गावं लोटतात. एरवी मात्र, हौसाची गोष्ट कळल्यापासून, तिथं बायका-पुरुष डोक्यावर ओझं आणि काखेत पोर घेऊन शिकतात. समोरच्याची काठी पडली की ती लाथेने दूर उडवतात, आरोळी ठोकतात आणि घराच्या दिशेने धावत सुटतात. ते बघायला कुणीही येत नाही.

तात्पर्य इतकंच: हात सरावात जे करतात तेच संकटात करतात, म्हणून शिकताना टाळ्या कुठं पडतात ते बघू नये, आपली वाट कुठून जाते ते बघावं, आणि वेळ आली तर काय टाकून द्यायचं हे घरून निघतानाच ठरवून ठेवावं.