कमळदेवाचे आठ भ्यालेले
ऐका बायांनो, कमळदेवाची कहाणी. आटपाट नगर होतं, पुढं समुद्र, मागं डोंगर. डोंगरात लेणं, लेण्यात बुद्ध, त्याच्या शेजारी हाती कमळ घेऊन उभा देव. जाणते त्याला अवलोकितेश्वर म्हणत. बाया कमळदेव म्हणत, शेंदूर लावीत. देवाच्या दोहों अंगांना आठ भ्यालेली माणसं कोरलेली. कुणापुढं हत्ती, कुणापुढं साप, कुणाच्या पायांत बेडी, कुणाची होडी बुडते. सगळी देवाला हाका मारताहेत.

नगरात गलबत हाकणारा एक तांडेल होता. त्याची बायको पवळा. सासूनं मरताना तिला वसा दिला. "श्रावणातल्या अष्टमीला लेण्यात जावं. आधी आठां भ्यालेल्यांना तेल लावावं, मग देवाला शेंदूर लावावा. उतू नये, मातू नये." पवळेनं वसा घेतला. घरात बरकत आली, नवं गलबत आलं. मग ती उतली, मातली. म्हणाली, "हे रडके देवाजवळ कशाला?" पाटीभर शेंदूर कालवला, देवाला थापला, आठांवरही थापला. सगळं लाल सपाट झालं. ताठा बाई, दुसरं काय!

पुनवेला समुद्राला नारळ वाहिला, तांडेल निघाला. तिसऱ्या दिवशी वादळ झालं. सगळी गलबतं आली, त्याचं आलं नाही. पवळा लेण्यात धावली. खणनारळ ठेवला, देव बोलेना. दुसऱ्या दिवशी चांदीचं कमळ वाहिलं, देव बोलेना. तिसऱ्या दिवशी रित्या हातांनी गेली, उंबऱ्यावर कपाळ आपटलं. लेणं झाडणारी म्हातारी म्हणाली, "बये, देवाचा कान त्या आठांकडे. तूच त्यांची तोंडं बुजवलीस. आता तुझ्या धन्याची हाक पोचावी कुठून?"

पवळेनं नखांनी शेंदूर खरवडला. पण होडी कुठल्या कोपऱ्यात? कधी नीट पाहिलंच नव्हतं! हत्तीपुढचा निघाला. "हा माझा नव्हे." अर्धा टाकून पुढं गेली. बेडीवाला निघाला. "हा माझा नव्हे." सापापुढची बाई निघाली, कडेवर पोर. पोराचे डोळे अजून शेंदरानं बुजलेले. पवळेला रडू फुटलं. "माझं नसेना, कुणाचं तरी असेलच ना!" पोराचे डोळे मोकळे केले. मग मागं फिरली. हत्तीपुढचा पुरता सोडवला, बेडीवाला सोडवला, एकेक करीत सात सोडवले. नखं फुटली, ऊन कललं. मग आठवी निघाली, ती होडी. लेण्यातल्या पणतीतलं तेल आठांना लावलं, हात जोडले.

खाली बंदरावर आरोळी उठली. पवळा धावत उतरली. तांडेल गलबतातून उतरत होता, मागं सात अनोळखी माणसं. म्हणाला, "वाट दिसेना, वारा हटेना. परगावचे हे सात बुडत होते. एकेकाला वर ओढलं. सातवा वर आला नि वारा पडला." पवळेनं ते सात मोजले. नखांतला शेंदूर बघत राहिली.

पवळेचा धनी जसा परतला, तसा तुमचाआमचा परतो. पण बायांनो, आधी शेजारणीचा परतो. आठां भयांची कहाणी एका हाकेत सुफळ संपूर्ण.