चुंचूची पहिली वडी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंचू. नाक लांब, शेपूट बारीक, चाल तुरुतुरु.

चुंचू आली की सगळे नाक धरायचे. "चिचुंद्री आली, वास आला," म्हणायचे. चुंचूला वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं.

मग चुंचूने काय केलं? साबण करायला घेतला.

राखेचं पाणी घेतलं. खोबरेल तेल घेतलं. मूठभर तुळस घेतली. ढवळलं. घुरुघुरु घुरुघुरु. पहिल्यांदा पातळ झालं. दुसऱ्यांदा चिकट झालं. तिसऱ्यांदा जमलं. पण जमलं एवढंसंच. त्याची एकच वडी झाली.

वडीच्या कडा वाकड्या होत्या. चुंचूने त्या तासल्या. खरखर खरखर. चुरा पडला. "टाकायचा कशाला?" चुंचू म्हणाली. चुरा चिंधीत बांधला. चिंधी कमरेला खोचली.

वडी वाळत ठेवली. एक दिवस झाला. दोन दिवस झाले. चाळीस दिवस झाले. वडी झाली पांढरीशुभ्र.

मग चुंचूने दुकान मांडलं. दुकान केवढं? वडाच्या पानाएवढं. पानावर एक वडी. "वडी घ्या, वडी! ताजी ताजी वडी!"

कावळ्याने ऐकलं. वडी? म्हणजे नारळाची वडी! भुर्रकन आला. वडी उचलली. चिंचेवर जाऊन बसला. वडी पायाखाली दाबून धरली.

पान रिकामं. दुकान रिकामं.

चुंचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"कावळेदादा, कावळेदादा, माझी वडी दे ना."

"अंहं. मी सकाळी काव काव केलंय. आता पाहुणे येणार. वडी पाहुण्यांसाठी."

"अरे दादा, ती खायची नाही."

"वडी म्हणजे खायचीच," कावळा म्हणाला. मोठा शहाणा तो.

चुंचू चिंचेला म्हणाली,
"कावळेदादा वडी देईना.
चिंचाबाई, चिंचाबाई, जरा हल ना."

चिंच म्हणाली, "मुळं सुकली गं माझी. पाटदादा वाहील, तर मी हलेन."

चुंचू गेली पाटाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. पाटातलं पाणी एका जागी थांबलं होतं.

"चिंचाबाई हलेना,
कावळेदादा वडी देईना.
पाटदादा, पाटदादा, जरा वाह ना."

पाट म्हणाला, "म्हशीताई माझ्यात आडवी बसलीय. ती उठेल, तर मी वाहीन."

चुंचू गेली म्हशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. म्हैस केवढी! चुंचू केवढीशी.

"पाटदादा वाहेना,
चिंचाबाई हलेना,
कावळेदादा वडी देईना.
म्हशीताई, म्हशीताई, जरा ऊठ ना."

म्हैस म्हणाली, "पाठीवर चिखल वाळलाय गं. खाज खाज होते. हौसाआत्या न्हाऊ घालेल, तर मी उठेन."

हौसाआत्या म्हशीची मालकीण. चुंचू गेली तिच्या अंगणात. तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हशीताई उठेना,
पाटदादा वाहेना,
चिंचाबाई हलेना,
कावळेदादा वडी देईना.
हौसाआत्या, हौसाआत्या, म्हशीला न्हाऊ घाल ना."

आत्या म्हणाली, "घातलं असतं गं बाई. पण साबण संपलाय. साबण मिळेल, तर मी न्हाऊ घालेन."

साबण?

साबण तर कावळ्याच्या पायाखाली.

चुंचू मटकन खाली बसली. आता कुणाकडे जायचं? तिला रडू आलं. एक थेंब. दोन थेंब. डोळे पुसायला तिने चिंधी काढली. चिंधी ओली झाली. आणि चिंधीला आला फेस! फसफस फसफस.

चुरा! चुरा म्हणजे साबणच की.

चुंचू लाजत म्हणाली, "आत्या, साबण आहे. पण नुसता चुरा आहे."

"फेस येतोय ना? मग झालं," आत्या म्हणाली. तिने चुरा हातावर घेतला. नाकाजवळ नेला. चुंचूने डोळे मिटले. आता आत्या नाक धरणार.

आत्याने नाक धरलं नाही. ती म्हणाली, "तुळशीचा वास. छान आहे गं."

मग आत्याने म्हशीला चोळलं. घासघूस घासघूस.
म्हैस न्हाली. म्हैस उठली. धबाक धबाक.
पाट वाहिला. खळखळ खळखळ.
चिंच पाणी प्याली. चिंच हलली. सळसळ सळसळ.
कावळा घाबरला. त्याने वडी चोचीत घट्ट धरली. चोचीतून निघाले बुडबुडे! बुड बुड बुड. "शी, थू!"
वडी पडली. टप्प.

चुंचूने वडी उचलली. पोटाशी धरली.

कावळा फेस पुसत म्हणाला, "ही कसली वडी?"

"साबणाची."

"मग तसं सांगायचं ना!"

चुंचूने विचार केला. खरंच की. सांगायलाच हवं होतं.

वडीवर चोचीची खूण होती. आत्या म्हणाली, "असू दे. मला हीच हवी." तिने वडी घेतली. चुंचूला वाटीभर खोबरेल तेल दिलं. म्हणाली, "आता ताटभर वड्या कर."

कावळा हळूच म्हणाला, "मलाही एक ठेव. पाहुण्यांना हात धुवायला."

"ठेवते. पण चाळीस दिवस थांब," चुंचू म्हणाली.

आता चुंचूचं दुकान रोज असतं. चुंचू हाक घालते, "साबणाची वडी घ्या, वडी. खायची नाही, न्हायची."

आणि चुंचू आली की कुणी नाक धरत नाही. सगळे नाक पुढं करतात.

गोष्ट आपली न्हाली, अंग पुसून गोधडीत गेली.