मुठीवरचा तळवा

डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या अलीकडे एक इवलीशी झोपडी होती. त्या झोपडीत शेवू आणि तिची आई राहायच्या. आई बांबूच्या टोपल्या विणायची, आणि इतक्या घट्ट विणायची की पाणी ओतलं तरी ते जरा विचार करूनच गळायचं. पण दिवाळीच्या सुमारास आई दरडीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. तेव्हापासून टोपल्या विणायच्या आईने आणि बाजारात न्यायच्या शेवूने, असं ठरलं. शेवू होती नऊ वर्षांची.

बाजार ओढ्यापलीकडे. ओढ्यावर दोन ओंडक्यांचा एकच साकव, आणि साकवावर खंडू. खंडू म्हणजे चौदा वर्षांचा आडदांड मुलगा. काम ना धाम, दिवसभर पूल अडवून बसायचा.

"साकव माझा आहे. माघारी फीर," म्हणायचा आणि शेवूच्या टोपल्या एकेक करून पाण्यात सोडायचा. टोपल्या बिचाऱ्या गोल गोल फिरत निघून जायच्या. टोपल्या विकल्या नाहीत तर पीठ नाही, मीठ नाही आणि वैद्यबुवांचं तेलही नाही. तेलावाचून आईचा पाय दिवसेंदिवस ताठत चालला होता. बळी तो कान पिळी, ही म्हण शेवूला कुणी शिकवायची गरज नव्हती.

एका सकाळी शेवू बांबू आणायला वेळूच्या बेटात गेली. धुकं निळसर होतं, पानं सोनहिरवी होती, आणि पानापानाच्या टोकाला दवाचा मोती लोंबत होता. आत काहीतरी फडफडलं. पाहते तर एक रुपेरी करकोचा, थंडीत दूर उत्तरेकडून येणारा उंच पायांचा पक्षी. त्याचा पाय चिरलेल्या बांबूत अडकला होता. ओढला असता तर मोडला असता. शेवूने ओंजळीओंजळीने पाणी आणून बांबू भिजवला, मऊ होऊ दिला, मग हलकेच वाकवून पाय सोडवला. फडक्यातली अर्धी भाकरी कुस्करून तिने त्याच्यापुढे ठेवली.

"माझ्या घोड्याला सोडवलंस गं बाई," करकोच्याच्या पिसांतून एक नाजूक आवाज आला.

पिसं बाजूला झाली आणि बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. तिचा झगा कोवळ्या कोंबाच्या रंगाचा होता, रेशमी बाह्या तिच्यापेक्षाही लांब होत्या आणि केसांत काजव्यांसारखे बारीक बारीक ठिपके लुकलुकत होते.

"मी वेळूपरी. चीन देशातून येते," ती म्हणाली. "करकोचे इथे आहेत तोवर मीही इथे. ही घे तीन सोनपानं. एका पानाला एक इच्छा. पण कुणाचं वाईट मागायचं नाही. आणि जेवढं पान, तेवढीच इच्छा पुरी होते, बरं का."

पानं होती तिळाएवढी. शेवूने ती वेणीत खोचली आणि लगेच म्हणाली, "खंडूचा दगड कर."

"हे वाईट झालं."

"मग मला त्याच्यापेक्षा मोठी कर."

"समजा केली. पण मग झोपडीच्या दारातून आत कशी जाशील?"

शेवूने पुष्कळ विचार केला. "मग मला माझं रक्षण करायला शिकव."

परी हसली. "आमच्याकडची विद्या आहे तशी. रोज दव वाळायच्या आत यायचं. आणि हात पहिल्यांदा तू उगारायचा नाहीस." पहिलं पान चमकलं आणि विरून गेलं.

तुम्हाला वाटेल, परीने कांडी फिरवली आणि शेवूला सगळं आलं. छे. परीने तिला उभं केलं. पाय फाकवून, गुडघे वाकवून, जणू घोड्यावर बसली आहे तसं. शेवूच्या मांड्या थरथरायला लागल्या. "घोडा पळाला गं," परी म्हणायची आणि पुन्हा उभी करायची. मग वाऱ्यावर डुलणाऱ्या बांबूला नुसतं मनगट टेकवायचं. बांबू आला की मागे जायचं, बांबू गेला की पुढे जायचं, पण मनगट सुटू द्यायचं नाही. आणि सगळ्याच्या आधी बांबूला नमस्कार. उजव्या हाताची मूठ, तिच्यावर डावा तळवा.

"मूठ म्हणजे जोर, तळवा म्हणजे समज," परी सांगायची. "तळवा मुठीच्या वरच हवा."

आठ दिवस झाले नाहीत तोच शेवूला वाटलं, आपल्याला सारं आलं. उतावळी कुठली. टोपल्या घेऊन ती साकवावर गेली. खंडू दात काढून हसला मात्र, शेवूचं डोकं फिरलं. नमस्कार नाही, काही नाही, तिने सरळ त्याच्या पोटात गुद्दा मारला. खंडू हललाही नाही. शेवूचा हात सुजला आणि टोपल्या गेल्या वाहून.

परीपुढे ती मान खाली घालून उभी राहिली. "मी आधी हात उगारला," तिने स्वतःच सांगितलं.

परी रागावली नाही. "बांबूची वाळलेली कांब वाकवलीस तर काय होतं?"

"तुटते."

"मग तू काय करतेस?"

"भिजवते. बोटांना कळतं, किती वाकेल ते."

"तुझ्या बोटांना आधीच येतंय की सगळं. राग आला की तू वाळतेस, एवढंच." परीने विचारलं, "हात बरा करू? दोन पानं आहेत."

"हात होईल बरा. आईला आज कळ न येता झोप लागू दे." दुसरं पान विरून गेलं. आई त्या दिवशी दुपारपर्यंत गाढ झोपली, आणि शेवू तिच्या उशाशी बसून मनगटाने वारा ऐकत राहिली.

तिसरं पान मात्र तिने जपलं. ते रोज थोडं थोडं वाढत होतं. "मोडलेलं हाड सांधण्याएवढं व्हायला माघ उजाडेल," परी म्हणाली होती, "आणि त्याच दिवशी आम्ही निघू." शेवू रोज शिकत राहिली. घोडा पळेनासा झाला.

माघ उजाडला. पान तळहाताएवढं झालं, केशरी-सोनेरी. बाजार करून आले की आईसाठी इच्छा मागायची, असं ठरवून शेवू काठीला टोपल्या अडकवून साकवावर आली. टोपल्या खाली ठेवल्या. मुठीवर तळवा ठेवून तिने खंडूला नमस्कार केला.

"हे काय गं? नमस्कार आहे का गुद्दा?" खंडू म्हणाला.

"दोन्ही. पण नमस्कार वर आहे. मला जाऊ दे."

खंडूने ढकललं. शेवूचं मनगट त्याच्या मनगटाला टेकलं. बांबू आला, शेवू वळली, खंडू तिच्या बाजूने पुढे गेला. पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. तिसऱ्यांदा तो चवताळून सगळ्या जोरानिशी धावला आणि थेट साकवाखालच्या डोहात पडला.

त्याला पोहता येत नव्हतं. "शेवे, हात दे गं," तो गटांगळ्या खात ओरडला.

शेवूने काठी पुढे केली. वीतभर कमी पडली. आणखी वाकून पाहिलं, तरी पुरेना. वेणीतलं पान कशासाठी ठेवलंय ते तिला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक आहे. तिला रडू कोसळलं. रडत रडतच तिने पान मुठीत धरलं. "माझी काठी वीतभर लांब कर."

काठी वाढली. खंडूने ती घट्ट पकडली. शेवूने पाय फाकवले, गुडघे वाकवले, आणि तो जड मुलगा ओढत होता तरी तिचा घोडा जागचा हलला नाही. इंच इंच करत खंडू वर आला आणि ओलाचिंब होऊन ओंडक्यावर बसला.

वर करकोच्यांची रांग निघाली होती. एक खाली उतरला, त्याच्यावर वेळूपरी.

"मूठ उघड बघू," ती म्हणाली.

शेवूने मूठ उघडली. आत पान होतं. त्याचं फक्त टोक गेलं होतं.

"वीतभर काठीला किती पान लागणार?" परी म्हणाली. "एका पानाला एक इच्छा खरी, पण इच्छेला लागतं तेवढंच पान जातं. हाव असती तर सगळं संपलं असतं. तू लागेल तेवढंच मागितलंस. उरलेलं तुझंच, आणि हाड सांधायला पुरेल."

शेवूने डोळे मिटून आईचं नाव घेतलं. परीने लांब बाह्यांतून चिमुकले हात काढले, मुठीवर तळवा ठेवून नमस्कार केला, आणि करकोचा, परी, धुकं सगळं सोनेरी उजेडात विरघळून गेलं. शेवूने डोळे उघडले तेव्हा ओढ्याकाठी, वेळूच्या बेटाशी आई उभी होती. आधाराशिवाय, दोन्ही पायांवर.

त्या दिवशी टोपल्या बाजारात पोचल्या. अर्ध्या खंडूच्या डोक्यावर होत्या.

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत तो बेटात हजर. "मलापण शिकव," म्हणाला आणि घाईघाईने नमस्कार केला, पण तळव्यावर मूठ ठेवून.

शेवूने त्याचे हात हातात घेतले आणि तळवा हलकेच वर ठेवला.